दिवेलागणीची बॅच

व्यायाम सकाळी करावा की संध्याकाळी, यावर आमच्या लॅबमध्ये गेला हिवाळाभर वाद चालला होता. रक्त काढणारे भैयाजी म्हणायचे, सकाळचाच खरा, संध्याकाळी काय उरलेलं असतं अंगात? काउंटरवरची दीदी मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवून सांगायची की संध्याकाळी अंग मोकळं झालेलं असतं, दुखापत होत नाही. वाद माझ्या दुखऱ्या पाठीवरून सुरू झाला होता. पण मी रिपोर्ट टाइप करत नुसती ऐकायचे. मला काय वाटतं ते मलाच नीट कळत नव्हतं.

लॅब पहाटेच उघडते, कारण उपाशीपोटी रक्त द्यायला लोक लवकर येतात. तिथपासून दुपार टळेपर्यंत मी खुर्चीत. घरी आल्यावर बी.ए.चा अभ्यास, तोही बसूनच. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे बसून करायचं काम ही आमच्याकडे नवी गोष्ट आहे. बाबा धान्याच्या गोदामावर चौकीदार आहेत, दिवसभर उभे. आई नगरा मोहल्ल्यात दोन घरी संध्याकाळचा स्वयंपाक करते, तीही ओट्याशी उभी. डॉक्टरांनी मला सांगितलं की पाठीत ताकद आणा, नाहीतर या वयात पट्टा बांधून फिराल. हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांना आधी हसूच आलं.

"मी उभा राहून थकतो, तू बसून थकतेस. आणि आता थकायला वेगळी वेळ काढणार?"

मी पण हसले. पण रात्री कुशीवर वळताना ते हसू टिकायचं नाही.

आधी सकाळ करून पाहिली. नळाला पाणी येण्याआधी उठायचं, गच्चीवर जाऊन हातपाय हलवायचे, मग पाणी भरायचं, डबा करायचा आणि सायकल काढायची. थोडे दिवस निभावलं. एके दिवशी कीबोर्डसमोर बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जागी झाले तर समोर एक म्हातारबाबा रिपोर्टसाठी ताटकळत उभे होते. मला ओरडतील असं वाटलं, पण ते लेकीशी बोलावं तसं, इथल्या बोलीत काळजीनं म्हणाले, "बिन्नू, तुम तौ हमसें जादा बीमार दिखा रईं." सगळी लॅब हसली. मी मात्र घाबरले. त्या झोपेत एखाद्याची साखर दुसऱ्याच्या नावावर टाइप झाली असती तर? दुसऱ्या दिवसापासून सकाळ बंद.

राहिली संध्याकाळ. ओरछा गेटजवळच एक छोटी जिम आहे आणि तिथे संध्याकाळी लेडीज बॅच असते. वेळ मला अगदी सोयीची होती. पण तीच दिवेलागणीची वेळ, आणि आमच्याकडे देवापुढे दिवा मी लावते. आई तेव्हा नगऱ्यात असते, म्हणून शाळेत असल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. आमच्या दोन खोल्यांत देवघर म्हणजे भिंतीतला एक कोनाडा. तरी आईचा सगळा जीव त्या कोनाड्यात. दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटताना बाहेर अंधारलं की तिला वाटतं, आपल्या घरी आता दिवा लागला असेल. हे तिनंच मला एकदा सांगितलं होतं. त्यामुळे जिमचं विचारायला मला आठवडा लागला.

आई लगेच म्हणाली, "तिन्हीसांजेला देव अंधारात बसणार आणि तू तिकडे उड्या मारणार?"

"बाबा असतात ना घरी," मी म्हटलं.

हे मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं. बाबा खरंच तेव्हा घरीच असतात, गोदामावरून येऊन टीव्हीपुढे. इतकी वर्षं ते त्या कोनाड्याच्या शेजारी बसून मी कधी उठते आणि दिवा कधी लावते याची वाट पाहत होते, आणि आम्हा तिघांपैकी कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

"मी?" बाबा म्हणाले. "मला कुठे येतं ते?"

"बिडी तर पेटवता की रोज," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "महिनाभर बघू. एक दिवस जरी अंधार दिसला तरी जिम बंद."

पहिल्याच संध्याकाळी मी भिंतीला टेकून नवा व्यायाम शिकत होते तेवढ्यात फोन वाजला. "तेल कुठलं? खायचं की वेगळं?" थोड्या वेळानं पुन्हा, "वात भिजवून ठेवायची की कोरी?" मग रोजच. काडेपेटी ओली आहे, निरांजन हलतंय, वारा येतोय, खिडकी लावू का? फोन मी शिकवणाऱ्या दीदीच्या टेबलावर ठेवायचे. ती तिथूनच हाक मारायची, "पापा का फोन!" आणि मी घाम पुसत यायचे. बॅचमधल्या बायका विचारायच्या, "दिया जल गया?" मी "हाँ" म्हटलं की पुढचा व्यायाम. मला लाज वाटायची. पण पाठ हळूहळू सुटी होत होती, आणि तो फोन आल्याशिवाय माझं व्यायामात लक्ष लागत नसे, हेही खरं.

महिना संपत आला असताना एका संध्याकाळी फोन आलाच नाही. मी दोनदा टेबलाकडे जाऊन पाहिलं. मग फोन लावला तर उचलेनात. तेवढ्यात बत्ती गेली. मी दीदीला "माफ करना" म्हणून अर्ध्यातून निघाले. रस्ताभर डोक्यात एकच, बाबांना झोप लागली असणार, आज आई आधी पोचणार, आणि संपलं.

गल्लीत काळोख होता. आमच्या दारातून मात्र उजेड येत होता.

आई खरंच आधी पोचली होती. ती कोनाड्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी होती. निरांजनात बोटाएवढी जाड वात जळत होती, आणि तेल ओघळून खालच्या फडक्यात मुरलं होतं. विकतच्या वाती संपल्या म्हणून बाबांनी कापूस घेऊन ती स्वतः वळली होती.

"ही वात आहे की दोरखंड?" आई म्हणाली. पण तिनं ती बदलली नाही. "उद्या मी बारीक वळून ठेवीन," एवढंच म्हणाली, आणि मग मला पाहून, "तू आज लवकर कशी?"

"बाबांचा फोन आला नाही म्हणून."

बाबा तेलाचे हात पंच्याला पुसत होते. "विचारायचं काही उरलं नाही, तर फोन कशाला करू? फोन नाही म्हणजे दिवा लागला. एवढं समजत नाही? आणि म्हणे बी.ए. करते!"

लॅबमधला वाद अजून चालूच आहे. मला कुणी विचारलं तर मी संध्याकाळ म्हणते. शरीराला कुठली वेळ चांगली, ते मला आजही ठाऊक नाही. अर्ध्यावर सोडलेला व्यायाम मी दुसऱ्या दिवशी पुरा केला, आणि त्या दिवसापासून फोन टेबलावर न ठेवता पिशवीत ठेवते.