अंबादासच्या गाडीची दृष्ट

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी आयुष्यात मानलं नाही. मी टर्नर. सोलापुरात एका मिलच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलो. जे मायक्रोमीटरमध्ये धरता येत नाही ते नाहीच, असं समजणारा माणूस. आमच्या हिच्या माहेरी, मंद्रूपला, रस्त्यात उतारा पडलेला दिसला की सगळे लांबून वळसा घालायचे आणि मी मुद्दाम त्यावरून पाय देऊन जायचो. तेव्हा पुढचं वाचून ‘म्हातारा चळला’ असं कुणाला वाटलं, तर माझी ना नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

साल पंचाहत्तर किंवा शहात्तर. आम्ही तेव्हा साखर पेठेत राहायचो. गल्लीत दोन्ही बाजूंना मागांची खटखट, दिवसभर. आमच्या घरापासून चार दारं सोडून अंबादासचं घर. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच मराठी. वडील गेल्यावर सहा पॉवरलूम त्याच्याकडे आले, चादरी आणि टॉवेलांचं काम जोरात चालायचं. लग्न झालेलं नव्हतं. घरी तो आणि त्याची आई, जिला अख्खी गल्ली अम्मा म्हणायची.

अंबादास माझा लहानपणापासूनचा दोस्त. आम्ही दोघं एकाच दिवशी सायकल शिकलो. सायकल त्याची होती. आमच्या दोस्तीचं सगळं गणित या एका वाक्यात आलं, असं म्हणायला हरकत नाही. तो वाईट नव्हता हो... वाईट असता तर बरं झालं असतं. तो इतका चांगला होता की त्याच्यावर उघड चिडताही यायचं नाही.

तर झालं असं. अकलूजला एका बागायतदाराचा पंप बघायला मला पाठवलं होतं. तिथं गोठ्यात, उसाच्या वाळक्या वाढ्यांखाली, एक गाडी दिसली. हेराल्ड. दोन दारांची, तेरा-चौदा वर्षांची जुनी. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी पुढचं झाकण धरून उचललं... या गाडीचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढच्या बाजूला उघडतं, आतलं इंजिन उघडंबोडकं समोर येतं. मी पंप विसरलो. गोठ्यात उभ्या उभ्याच मनातल्या मनात मी ती गाडी बांधून काढली. छत खाली घ्यायचं, मागची बाजू उतरती करायची, दोन कार्बोरेटर, बैठी सीटं, लाल रंग. सिनेमातल्या हिरोकडे असते तशी. मालक म्हणाला, “घिऊन जावा की, जागा तरी रिकामी हुईल.” मागितलेली रक्कम फार नव्हती, पण माझ्याकडे तेवढीही नव्हती.

संध्याकाळी घरी आलो आणि गाढवपणा केला. बायकोलाही सांगायच्या आधी अंबादासला सांगितलं. तास-दीड तास सांगत होतो.

आठव्या दिवशी ती गाडी ट्रकवरून आमच्या गल्लीत उतरली. त्याच्या दारात.

“तू म्हणलास म्हणून आणली बे वसंता,” तो हसत म्हणाला. “मला काय कळतंय त्यातलं? आता तूच कर की सगळं.”

माझ्या डोळ्यांदेखत माझी वस्तू दुसऱ्याच्या दाराला बांधली गेली, आणि वर तिचा खरारा करायला मलाच बोलावणं! ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर ती गाडी हाताळायलाही मिळाली नसती. म्हणून हो म्हटलं.

दीड वर्ष लागलं. रोज मिलचा भोंगा झाला की दोन तास, आणि रविवार पूर्ण. माग-शेडच्या मागच्या अंगणात आम्ही ती अक्षरशः सोलून काढली. बोल्ट काढले की त्या गाडीचा वरचा डबा खालच्या चौकटीवरून सुटा होतो. मागावरचे सहा गडी आणि आम्ही दोघं, असा तो उचलून बाजूला ठेवला. गंज तासला, सडलेला पत्रा कापून नवा जोडला. छत उतरवून मागून कापलं आणि उतरतं करून परत बसवलं. त्यात दोनदा चुकलो. मागची काच काही केल्या बसेना, तेव्हा शेवटी जाड प्लास्टिक तापवून वाकवलं. दोन कार्बोरेटर लावण्यासाठी लागणारा जोड मी जेवणाच्या सुट्टीत लेथवर स्वतः काढला. गिअरच्या दांड्यावरची पितळी मूठसुद्धा माझीच. ती मी घरी आणून दोन दिवस उशाशी ठेवली होती, मग दिली.

आणि लोक? लोक यायचे, कमरेवर हात ठेवून बघायचे आणि म्हणायचे, “अंबादासशेठ, काय गाडी बनवलीत!” तो लगेच माझ्याकडे बोट करायचा. “मी कशाची बनवतोय? ह्यानं बनवली.” लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि पुन्हा त्याच्याशीच बोलायला लागायचे. त्यानं श्रेय लाटलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो ते वाटत सुटला होता, आणि त्यानं माझा जास्तच जळफळाट व्हायचा. दिलेलं श्रेय दान घेतल्यासारखं वाटतं. आमची ही, कुसुम, चहा घेऊन यायची आणि घरी गेल्यावर म्हणायची, “भाऊजींची गाडी काय देखणी झालीय!” भाऊजींची. मी भाकरी मोडत राहायचो.

शेवटचा शनिवार. लाल रंग वाळून गाडी तयार. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आणि लगेच तुळजापूर, कारण नवी गाडी आधी देवीच्या पायाशी न्यायची असं अम्मानं ठरवलं होतं. मी मंजूला, माझ्या चार वर्षांच्या पोरीला, बॉनेटवर बसवलं आणि सहज विचारलं, “कुणाची गं ही गाडी?”

“अंबाकाकाची,” ती म्हणाली. लगेच. विचारसुद्धा न करता.

दुपारी अंबादास हार आणि नारळ आणायला गेला. मी शेवटचं बघून घेतो म्हणून गाडीखाली शिरलो. स्टीअरिंगचा दांडा पुढच्या चाकाला जिथं जोडतात, तिथल्या नटात एक कॉटर पिन असते... नट फिरून सुटू नये म्हणून आडवी घालून टोकं दुमडलेली तार. ती मी काढली. नट चार आटे सैल केला. बाहेर येऊन पिन हत्यारांच्या पेटीत टाकली आणि हात धुतले.

स्वतःला मी काय सांगितलं असेल? की चाक गल्लीच्या तोंडाशीच तिरकं होईल, लोक हसतील, अंबादासशेठची जरा जिरेल. बस, एवढंच. पण मी फिटरची कामं केलेला माणूस आहे. तो नट गल्लीत सुटत नाही. तो सुटतो तासाभरानं, रस्त्याच्या हादऱ्यांनी. सोलापूरहून तासाभरावर तुळजापूरचा घाट आहे, हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि मी त्या रात्री व्यवस्थित जेवलो.

रविवारी सकाळी आठ वाजता अर्धी गल्ली अंगणात. गाडीला हार, चाकांखाली लिंबं. मग अम्मा दृष्ट काढायला आली. एका हातात निखाऱ्यांनी भरलेली लोखंडी पाटी, दुसऱ्या मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लवंगी मिरच्या. लवंगी म्हणजे एक जरी विस्तवावर पडली तरी शेजारच्या घरात खोकतात. मूठ गाडीवरून ओवाळून ती पुटपुटली आणि सगळं निखाऱ्यांवर टाकलं.

दृष्ट नसेल तर मिरच्यांचा ठसका लागतो, आणि दृष्ट लागलेली असेल तर मिरच्या जळून जातात पण ठसका येत नाही... हे सगळ्यांनाच माहीत असतं. मोहऱ्या तडतडल्या. मिरच्या काळ्या पडल्या. धूर वर आला. बायकांनी पदर आधीच नाकाला लावले होते, ते हळूहळू खाली आले. कुणी खोकेना. अम्मा तर पाटीवर वाकली होती, धूर तिच्या तोंडावर. काही नाही. मंजू आईचा हात ओढून म्हणाली, “आई, वासच येत न्हाय की.”

“अय्यो... लई मोठी दिष्ट हाय,” अम्मा म्हणाली.

आणि त्याच क्षणी मला ठसका लागला.

मी पंधरा-वीस फूट लांब, मागच्या भिंतीपाशी उभा होतो. वारा होता तो माझ्याकडून त्यांच्याकडे. साधा ठसका नव्हता तो. घशात कुणीतरी ओली मिरची कोंबावी तसा. श्वास आत जाईना, डोळ्यांतून पाणी, गुडघ्यांवर हात टेकून मी वाकलो. सगळं अंगण वळून माझ्याकडे बघायला लागलं. एवढ्या माणसांत एकटा मी खोकत होतो.

अंबादास पाणी घेऊन धावला. एक घोट उतरेना. अम्मा तशीच पाटी हातात धरून माझ्याजवळ आली. चिडलेली नव्हती. दमलेली दिसत होती.

“वसंता,” ती म्हणाली, “तुजं काय तरी करायचं ऱ्हायलंय बग.”

एवढंच. मी मान हलवली, पेटीतून पाना आणि पिन उचलली आणि चांगल्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरलो. मला पश्चात्ताप झाला होता, असं लिहायला आवडलं असतं. झाला नव्हता. मी घाबरलो होतो. मरतोय असं वाटत होतं. खोकत खोकतच नट आवळला. पिन भोकात जाईना, दोनदा मातीत पडली. तिसऱ्यांदा गेली. टोकं दुमडली, आणि ठसका थांबला. कमी होत होत नाही, एकदम थांबला. घसा अगदी साफ, जणू काही झालंच नव्हतं.

मी बाहेर आलो तर अम्मा दुसरी मूठ ओवाळत होती. मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या आणि अख्खं अंगण खोकायला लागलं. पोरं, बायका, अंबादास, अम्मा स्वतः. मलाही ठसका आला. सगळ्यांना आला तेवढाच.

“गेली!” अम्मा खोकत खोकत हसली.

मी कपडे झटकत होतो, तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. बघतो तर कुसुम पुढच्या सीटवर बसतेय. नवं लुगडं. मागे मंजू. अंबादास माझ्यासमोर किल्ली धरून उभा.

“बगतोस काय बे? बस की.”

“मी? तू आणि अम्मा जाणार होता ना तुळजापूरला?”

“आमी फुडच्या रविवारी जातो. वैनीला मी आठ दिवसांपूर्वीच सांगून ठेवलंय. तुला सांगू नको म्हणलं.”

अम्मा म्हणाली, “आमच्या घरची रीतच हाय बाबा. नव्या मागावरची पैली चादर मालकानं घ्यायची नस्ती. ज्यानं माग बांदला त्याच्या अंगावर घालायची. ही गाडी तू बांदलास. पैली तू जा, लेकराला घिऊन.”

कसा बसलो, कशी चालू केली, आठवत नाही. घाटात प्रत्येक वळणावर स्टीअरिंग घट्ट धरून मी मागे खिडकीशी उभी राहिलेली मंजू आरशात बघत होतो. कुसुम सबंध रस्ता भाऊजींचं मन किती मोठं हे सांगत होती. आणि खरं सांगतो... माझी बायको-पोर माझ्याच हातून वाचलेली असताना, मी माझ्याच हातानं त्यांना मारायला निघालो होतो हे कळलेलं असताना, त्या कौतुकानंही माझ्या पोटात दुखलं. मनाचा मोठेपणासुद्धा त्याच्याच वाट्याला.

नंतर मी शंभर वेळा विचार केला. वाऱ्याचा खेळ म्हणावा, तर वारा उलटा होता. मिरच्या सादळलेल्या म्हणाव्यात, तर दुसरी मूठ त्याच पिशवीतली होती. मनाला टोचत होतं म्हणून मला ठसका लागला, असं एका डॉक्टरांनी सांगितलं. मानलं. पण मग बाकीच्या तीस-चाळीस माणसांना, पाटीवर वाकलेल्या अम्माला, का लागला नाही? त्यांच्या मनाला काय टोचत होतं? मी घरीही लवंगी मिरच्या निखाऱ्यांवर टाकून पाहिल्या. प्रत्येक वेळी घर रिकामं करावं लागलं. उत्तर नाही. अम्माला किती कळलं होतं, हे विचारायची छाती झाली नाही, आणि आता ती नाही. कुसुमही गेली, हे न कळताच.

अंबादास आहे. गुडघे धरलेत, पण रोज संध्याकाळी काठी टेकत माझ्याकडे येतो. पन्नास वर्षं झाली, तोंडावर सांगणं मला जमलेलं नाही. या लेखात नावं बदलायची का, असं संपादकांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. हा अंक त्याच्याकडेही येतो, आणि तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो.