शकुआत्याचा अत्तराचा नाद

आमच्या शकुआत्याचं ठरत आलेलं लग्न अत्तरामुळे मोडलं होतं.

आज सकाळी ती गेली. सत्त्याऐंशी वर्षांची होती. झोपेतच, शांतपणे.

दिवसभर फोन येतायत. सगळे म्हणतात, फार कष्ट काढले हो तिने. काढलेच. पण तिने जी मजा केली, तीसुद्धा कुणीतरी लिहायला हवी. म्हणून ही पोस्ट.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. घर चिंचवड गावात, शेतीवाल्यांचं.
पन्नासच्या दशकात पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू झाला आणि मॅट्रिक झालेली आत्या तिथे पॅकिंगला लागली. आमच्या घरातून नोकरीला गेलेली पहिली बाई.

त्या कारखान्याला एक वास होता. आंबलेल्या पिठासारखा. केसांत बसायचा, साडीत बसायचा.
आजी दारातच अडवायची. "शके, आदी न्हाऊन घे. मग चुलीपाशी ये."
आत्या रोज न्हायची. वास काही जायचा नाही.

एका शनिवारी शिफ्ट सुटल्यावर ती मैत्रिणीबरोबर पिंपरी कॅम्पात गेली. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं तिथे राहायची. एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर लाकडी पेटी घेऊन बसत. तिकडे सिंधमध्ये त्यांचं अत्तराचं दुकान होतं. इकडे नुसती पेटी. सगळे त्यांना चाचा म्हणायचे.

आत्याने मोगऱ्याची बाटली उघडली आणि थेट नाकाला लावली.

"बेटी, असं नाही," चाचा म्हणाले. "असं केलं की नाक थकतं."
त्यांनी कापसाच्या बोळ्याला एक थेंब लावला आणि तो फाया तिच्या हातात दिला.
"आत्ता वास घे. रात्री जेवताना घे. उद्या सकाळी घे. मग येऊन सांग, काय काय बदललं."
"आणि विकत कधी घ्यायचं?"
"आधी ओळख तर होऊ दे."

झालं. नाद लागला.

दर शनिवारी नवा फाया. आत्या शाळेच्या उरलेल्या वहीत लिहून ठेवायची. मी ती वही पाहिली आहे.

"वाळा. नव्या माठातलं पहिलं पाणी."
"हिना. आधी कडू. दुपारनंतर कोऱ्या कापडासारखा."
"केवडा. डोकं दुखलं. चाचांना सांगितलं नाही."

वर्षभरात तिच्या फळीवर सात-आठ इवल्याशा बाटल्या जमल्या.

मग चाकणकडचं एक स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. पसंती झाली, याद्या करायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात मुलाची आई पुन्हा एकदा घरी आली आणि तिने ती फळी पाहिली.
दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकडून निरोप. "पोरगी अत्तर लावती. चांगल्या घरच्या बाया लावत्यात व्हय असलं?"

आजोबा आधीच गेलेले. घरातला कर्ता म्हणजे अण्णा, वय चोवीस. त्यांनी सगळ्या बाटल्या परसात नेल्या आणि एकेक करून मातीत ओतल्या.

हे मला अण्णांनीच सांगितलं. म्हणाले, "तिचा राग नव्हता गं. लोकांची लाज वाटली."

आत्या कामावरून आली. परसात जाऊन उभी राहिली. रडली नाही. खाली बसली, मातीपाशी नाक नेलं, बराच वेळ तशीच बसली. मग घरात येऊन वही काढली.

अण्णांनी विचारलं, "काय लिहितीयस?"
"सगळे मिसळून कसा वास येतो ते. हा मला परत मिळायचा नाही."

त्यानंतर चार महिने ती अण्णांशी बोलली नाही. पानात वाढायची, पण बोलायची नाही. परसात पंधरा दिवस घमघमाट. म्हैससुद्धा तिकडे फिरकेना.

शेवटी अण्णा आळंदीला गेले तेव्हा तिथल्या बाजारातून एक बाटली घेऊन आले. तिच्यापुढे ठेवली.
आत्याने मनगटाला लावलं. थांबली. पुन्हा वास घेतला.
"दादा, हे नुसतं तेल आहे. वर थोडं गुलाबाचं सेंट टाकलंय."
"मग फेकून दे."
"असू दे. लावते मी."
महिनाभर रोज लावलं तिने ते.

दोन वर्षांनी दुसरं स्थळ आलं. त्याच कारखान्यातला फिटर. यावेळी आत्यानेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "मी अत्तर लावते. पुढेही लावणार."
आजीच्या हातातला पोह्यांचा ट्रे तिथेच थांबला.
मुलगा म्हणाला, "माझी काही हरकत नाही. मला बारमाही सर्दी. मला कारखान्याचासुद्धा वास येत नाही."

ते आमचे काका. फार चांगला संसार झाला त्यांचा. दर दिवाळीला तिच्यासाठी अत्तर आणायचे, बाटलीचा आकार बघून. ती तेही वापरायची.

दोन वर्षांपूर्वी एक ताप आला आणि आत्याला वास येणंच बंद झालं. कायमचं. तिने कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही.

मला कळलं तेव्हा मी ऑनलाइन मागवलेलं परफ्यूमचं एक सॅम्पल घेऊन तिच्याकडे गेले होते. तिने ते माझ्या मनगटावर लावलं.
"तू घे वास. मला सांग."
"छान आहे."
"छान म्हणजे काय? घाई करू नको. नीट सांग."

मी डोळे मिटून बसले. आधी नुसतं स्पिरिट. बराच वेळ काहीच नाही.
"लाकूड," मी म्हटलं. "ओलं. आणि मागे काहीतरी आंबट... कैरी देठापाशी तोडली की चीक येतो ना, तसं."

आत्यानेही डोळे मिटले होते.

"हं," ती म्हणाली. "आता आला."

आत्या, सुखाने जा.
तुझ्या भाचीचा नमस्कार.