विमलताईंचा दिवसा लावायचा दिवा

विमलताई भरदिवसा कोणाला दिसल्या नाहीत, यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. मी त्यांचा शेजारी. त्या घरात असल्या की ऐकू येतात आणि बाहेर असल्या की दिसतात, एवढं मला पक्कं ठाऊक. तहसील कचेरीत नोकरी करून कमावलेला आवाज, माझ्यापेक्षा बोटभर जास्त उंची, पायात कॅनव्हासचे बूट आणि साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. आमच्याकडे शेतात जाणाऱ्या बाया उन्हापासून बचाव म्हणून साडीवर असा शर्ट घालतात. विमलताई तो सायकलवर घालतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचे शर्ट मात्र अजून कामावर आहेत.

रोज सकाळी त्या वणीहून सावरखेडीला सायकलने जातात. तिथे त्यांची धाकटी बहीण कुंदा राहते. लकव्यात कुंदाताईंचा उजवा हात आणि पाय गेला. त्यांचे यजमान बापूजी त्यांना सकाळी ओट्यावरच्या खुर्चीत बसवून शेतात जातात ते दिवेलागणीला येतात. मधल्या वेळात विमलताई. बहिणीची वेणी घालायची, चार घास भरवायचे, अष्टाचंगा खेळायचा, हरलं की भांडायचं आणि दुपारी परत यायचं. त्या वेळेला बस नाही. ऑटो भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरला की त्यात जेवणाच्या डब्यालाही जागा उरत नाही. म्हणून सायकल. ती बंद झाली तर कुंदाताईंची वेणी बंद, इतकी सरळ गोष्ट.

तो रस्ता कोळशाच्या ट्रकांचा आहे. झाडं, पाट्या, म्हशी, सगळ्यांचा रंग तिथे हळूहळू एक होत जातो. संक्रांत झाल्यावर एका सकाळी मागून आलेल्या ट्रकनं विमलताईंना इतकं खेटून ओव्हरटेक केलं की त्या सायकलसकट रस्त्याखालच्या हरभऱ्यात गेल्या. कोपर खरचटलं, वांग्याची भाजी हरभऱ्याला मिळाली. ड्रायव्हर भला होता. ट्रक थांबवून धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "माय, खरं सांगतो, तू दिसलीच नाही."

त्या घरी आल्यावर मी हळद घेऊन गेलो तर बाई रागानं लाल. पण राग ट्रकवर नव्हता.

"कोपराचं जाऊ द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "एवढी धडधाकट बाई, एवढं लखलखीत ऊन, अन् मी दिसली काहून नाही, ते सांगा मले."

आता खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या प्रश्नात नाक खुपसणं हा माझा निवृत्तीनंतरचा मुख्य धंदा आहे. बायको त्याला रिकामटेकडेपणा म्हणते, मी कुतूहल म्हणतो. पण त्या प्रश्नानं मला खरंच झोप येईना. शिवाय पुण्याहून त्यांच्या मुलाचा, अनिमेषचा, फोन आला होता.

"आई, सायकल आता बस झाली. होळीले येतो तवा मीच गिऱ्हाईक पाहून विकून टाकतो. मावशीकडे आठवड्यातून एकदा ऑटोनं जात जा."

"वेणी काय आठवड्याची घालू तिची?" विमलताईंनी विचारलं. पोरगा काही वाईट नाही, आईची काळजी करतो. पण काळजी करणाऱ्याला समजावणं फार कठीण असतं. म्हणून ठरलं की समजवायचं नाही, दाखवायचं. होळीच्या आत विमलताई दिवसाढवळ्या दिसायला हव्यात.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर घेऊन त्यांच्या मागे गेलो. सकाळी सावरखेडीला जाताना सूर्य बरोबर समोर. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन, रस्त्यावर राखाडी धूळ, आणि बाईंच्या अंगावर धुऊन धुऊन राखाडी झालेला शर्ट. वाटेत एक पुलिया, म्हणजे छोटा पूल, लागते. तिच्यापुढे विमलताई गेल्या आणि हा हा म्हणता विरघळल्या. मी थक्क झालो. ऊन जितकं लख्ख, तितकी बाई कमी दिसत होती.

"शर्ट बदला," मी म्हणालो.

"शर्ट सोडून बोला," त्या म्हणाल्या.

मग दिव्याचा विषय निघाला. बबनरावांच्या सायकलच्या दुकानात आम्ही मागचा लाल दिवा मागितला. बबनरावांनी आधी शटर अर्धं खाली ओढलं, मग दिव्याभोवती दोन्ही हातांची ओंजळ केली आणि आत डोकावायला सांगितलं. "पाहा, काय उजेड आहे!" आम्ही दोघांनी आळीपाळीनं डोकावून पाहिलं. ओंजळीत खरंच दिवाळी होती. आपण सगळे दिवा असाच पारखतो, अंधार करून. दिवा दिवसा लागणार आहे हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. बबनराव शेवटी म्हणाले, "पण ताई, तुम्ही तर अंधाराच्या आत घरी येता. मंग दिवा कायले?"

"दिवसा लावाले," विमलताई म्हणाल्या. बबनरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईंना मीच बिघडवलं.

पारख करायला माणूस हवा होता. कुंदाताईंहून चांगला कोण? त्या दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या. त्यांच्या ओट्यावरून रस्ता सरळ जातो, मध्ये पुलिया, आणि खूप लांब वळण, तिथे एक मोठं बाभळीचं झाड. विमलताईंनी दिवा लावून वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं, मी कुंदाताईंना विचारत राहायचं, असं ठरलं.

विमलताई निघाल्या. "दिसते?" मी विचारलं.

"दिसते."

पुलिया गेली. मला तर काहीच दिसेना. "आता?"

"दिसते ना बाप्पा. लाल लाल लुकलुकून राह्यलं."

वळणापर्यंत त्या दिसतच होत्या. मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी, निव्वळ तुलना म्हणून, बापूजींची शेतातली टॉर्च कॅरियरला बांधून पाठवलं. तीही वळणापर्यंत दिसली. मग माझ्या मनात पाल चुकचुकली. बबनरावांचा दिवा लुकलुकणारा नव्हताच, एकसारखा जळणारा होता. तिसऱ्या खेपेला मी विमलताईंना म्हणालो, दिवा लावूच नका. त्या तशाच गेल्या.

"दिसते?"

"हाव, दिसते. मस्त लाल."

"कुंदाताई!" मी ओरडलोच. "दिवा बंद आहे!"

कुंदाताई जराही ओशाळल्या नाहीत. डाव्या हातानं पदर सारखा करत म्हणाल्या, "असू द्या. मले विमल दिसते. तिलेच तं पाहून राह्यली मी, दिव्याले पाहून काय करू? अन् दिसत नाही म्हटलं तं तुम्ही तिची सायकल बंद करसान. मंग मी कोणाची वाट पाहू इथं बसून?"

मला राग आला होता तो कुठच्या कुठे गेला. विमलताई परत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. बहिणीच्या वेणीतला गुंता सोडवता सोडवता त्या म्हणाल्या, "म्हणजे भाऊ, परीक्षा घ्याले आपण चुकीचा मास्तर धरला. ही माझी वाट पाह्यते. ड्रायव्हर माझी वाट कायले पाहीन?"

वाट न पाहणारा माणूस म्हणून आम्ही उत्तमसिंगला निवडलं. तो कोळशाचा ट्रक चालवतो आणि आमच्या चौकात चहा पितो. मी सावरखेडीला काम आहे म्हणून त्याच्या केबिनमध्ये चढलो आणि कशासाठी ते मुळीच सांगितलं नाही. विमलताई बबनरावांचा दिवा लावून आधीच निघाल्या होत्या. उत्तमसिंग आपल्या भाचीच्या लग्नातल्या जेवणाचं वर्णन करत होता. बोलता बोलता त्यानं ट्रक थोडा बाजूनं काढला, आम्ही विमलताईंना मागे टाकलं आणि तो बुंदीवर आला.

"आत्ता सायकलवर बाई गेली ना?" मी सहज विचारलं.

"कोणती बाई?"

त्याच्या हातांनी सायकल ओलांडली होती, त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

मग मी मोबाइलवर दिवसासाठीचे दिवे शोधायला बसलो. दिवसासाठी वेगळे दिवे असतात हेच मला नवीन होतं. एकसारखा जळणारा दिवा उन्हात हरवून जातो, असं त्यात होतं. मला ते पटलं. लग्नात कोपऱ्यात रुसून बसलेल्या काकांकडे कोणी पाहत नाही, पण तेच काका सारखे उठ-बस करू लागले की अख्खा मांडव विचारपूस करतो. तर उठ-बस करणारा दिवा हवा, आणि त्याचा झोत खाली रस्त्यावर नाही, सरळ मागच्याच्या डोळ्यांच्या दिशेनं हवा. तसा दिवा मागवला. आकारानं सुपारीच्या डबीएवढा, पण अंगणात भर दुपारी लावला तर माझ्या बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं की पोलीस आले का.

तो सीटखाली बसवला आणि मी पुन्हा उत्तमसिंगच्या शेजारी. यावेळी भाचीचं सासर चालू होतं. आम्ही विमलताईंना ओलांडलं. सासर चालूच राहिलं. मी हिरमुसलो. पुलियाजवळ उतरलो आणि विमलताईंची वाट पाहत उभा राहिलो. होळी तोंडावर आली होती, आणि आता करायला काही शिल्लक वाटत नव्हतं. त्या आल्या, मला पाहून मान हलवली आणि पुढे गेल्या. मी मागून पाहतच राहिलो. दिवा नव्हताच! नवऱ्याचा तो लांब शर्ट. बाई सीटवर बसल्या की त्याचा मागचा घोळ बरोबर दिव्यावर पडत होता. अंगणात आम्ही सायकल नुसती उभी करून पाहिली होती, बाईंना वर बसवून पाहायचं कोणाला सुचलंच नाही.

"शर्ट कापून टाका मागून," मी म्हणालो.

"दिवा मागं घ्या," त्या म्हणाल्या.

दिवा कॅरियरच्या टोकाला गेला. तिसऱ्यांदा मी केबिनमध्ये. उत्तमसिंग भाचीच्या नणंदेवर आला होता आणि अर्ध्या वाक्यात थांबला. पुलिया अजून लांब होती.

"ते काय लुकलुक करून राह्यलं हो समोर?"

त्यानं वेग कमी केला, ट्रक चांगला पलीकडून घेतला, आणि विमलताईंच्या बरोबरीला आल्यावर खिडकीतून हात काढून बोटं उघडझाप करत ओरडला, "ओ माय! लाइट चालू राह्यला तुमचा!"

"राहू दे!" विमलताई ओरडल्या. त्यांचा चेहरा आरशात दिसला. असा आनंद मी त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

त्यानंतर तर धमालच झाली. दिवसा कोणाचा दिवा चालू दिसला की सांगितल्याशिवाय आपल्याकडे कोणाला चैन पडत नाही. मोटारसायकलवाले, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर, शेळ्या राखणारी म्हातारी, जो तो विमलताईंना बोटं उघडझाप करून दाखवी. पूर्वी त्या अशांना फटकारून काढत. आता घरी आल्या की मला सांगत, "आज बी लोकाईनं सांगतलं भाऊ."

होळीच्या आदल्या दिवशी अनिमेष आला. त्याला आम्ही काही सांगितलं नाही. तो मावशीला भेटायला निघाला तेव्हा मीही त्याच्याच गाडीतून सावरखेडीला गेलो. विमलताई सकाळीच पोचल्या होत्या. जेवणं झाली. दुपारी त्यांनी शर्ट चढवला, दिवा लावला आणि निघाल्या. अनिमेष ओट्यावर उभा राहून पाहत होता. कपाळावर आठी.

"मावशी, कुठपर्यंत दिसते?"

कुंदाताई बोलल्या नाहीत. नेहमीसारखं "दिसते, दिसते" काही नाही. पुलिया गेली. धुळीत दोन ट्रक गेले. तो लाल ठिपका मला अजून दिसत होता, पण माझं काय, मी तर त्याच्यामागेच लागलेला. कुंदाताई खुर्चीत पुढे वाकल्या होत्या.

"वळली," त्या एकदम म्हणाल्या. "बाभळीपाशी आत्ता वळली."

मग डाव्या हातानं त्यांनी डोळे पुसले. "तुले खरं सांगतो अनिमेष. पहिले ती मले पुलियापर्यंतच दिसे. त्याच्या पुढं मी नुसतंच दिसते म्हणत बसो. ट्रक गेला की जीव मुठीत धरून बसो, अन् दुसऱ्या सकाळी ती आली की मंग सोडो. आता वळणापर्यंत दिसते रे."

परतताना अनिमेष गाडी विमलताईंच्या बरीच मागे ठेवून सावकाश चालवत राहिला, मागच्या ट्रकांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

धुळवडीच्या दुसऱ्या सकाळी मी दूध आणायला निघालो तेव्हा तो अंगणात सायकलपाशी उकिडवा बसला होता. गिऱ्हाईक कुठे आहे, असं विचारायची मला फार इच्छा झाली. पण तो आपल्या रुमालानं मागच्या दिव्यावरची कोळशाची धूळ पुसत होता, म्हणून मी न विचारताच दुधाला गेलो.