वैभवीच्या लेखातली खाष्ट बाई

वैभवीचं हिंजवडीच्या सायबर कॅफेत कुणाशी तरी जुळलंय, अशी बातमी आमच्या नेरे गावात पसरली. दर रविवारी जाते, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते आणि एकटीच हसते. डेअरीवर रत्नाबाईनं हे सांगितलं तेव्हा बातमी जरा भरघोस व्हावी म्हणून मी दोन प्रश्न जास्तीचेच विचारले. मग मलाच राहवेना. पोरीला दारात गाठलं.

"कोण गं तो?"

"काकी, ब्लॉग हाय त्यो."

ब्लॉग म्हणजे आपण लिहिलेलं इंटरनेटवर लावून ठेवायचं, वाटेल त्यानं वाचावं. कसला पोरगा नि कसलं काय. बिरदेव आणि बानूबाई आमचे शेजारी, मेंढरं राखणारे; ही त्यांची थोरली, एका कंपनीत डेटा एंट्री करणारी. लेखिका व्हायचं हे तिचं शाळेपासूनचं खूळ. मासिकांनी लेख साभार परत केले, म्हणून २००८ साली तिनं हे स्वतःचं दुकान मांडलं.

पहिला लेख आईवर होता; त्याचा छापील कागद तिनं घरी आणला, तेव्हा मी वाचला. सुगी झाली की बानूबाई लोकांच्या शेतात मेंढरं बसवते. लेंड्यांनी रान खतावतं आणि शेतवाले बदल्यात धान्य घालतात. लेखात एक खाष्ट शेतवाली आहे. ती माप भरून झालं की वरची मूठ परत काढून घेते, आणि मग बानूबाईला चहा पाजून मेंढरांची ख्यालीखुशाली विचारते. नाव दिलेलं नाही, पण ती मी. मी भांडायलाच गेले.

"मला विचारलंस का गं लिहिताना?"

"खोटं हाय का, काकी?"

खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं. पण आपल्यावर कुणी लिहिलंय, हे चौघींत मिरवलंही.

पुढच्या एक मेला गावाला लागून झालेल्या नव्या सोसायटीत महाराष्ट्र दिन होता. ज्यांच्या शेतांवर ती उभी आहे त्या आम्हालाही बोलावणं होतं. तिथले दयानंद साहेब, कॉम्प्युटर कंपनीतले, माइक धरून म्हणाले, "मला ईमेलवर आलेला एक अप्रतिम लेख वाचतो. लेखक अज्ञात."

दुसऱ्याच वाक्याला मी बानूबाईला ओळखलं. कुणी तरी वरचं नाव तेवढं कापलं होतं, बाकी लेख शब्दन् शब्द पोरीचा. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. वैभवी उठून पुढं गेली.

"सर, ह्यो माजा लेख हाय."

साहेब लहान मुलाकडं बघून हसावं तसे हसले. "अगं, हा फॉरवर्ड आहे. मला अमेरिकेतल्या मित्राकडून आलाय."

म्हणजे अमेरिकेतून आलं ते नेऱ्यातलं कसं असेल? आणि मेंढक्याची पोर लिहील कशी? हे दुसरं ते बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर होतं. माझं डोकं सणकलं.

"त्यातली मूठ काढून घेणारी बाई मी आहे," मी उभी राहून म्हटलं. "काय विचारायचं ते मला विचारा."

सोसायटीतल्या निम्म्या बायका माझ्याकडून दूध घेतात. माझ्या मापावरून त्यांना लगेच पटलं. हशा झाला तो त्यांच्याच रांगेतून.

साहेबांनी माइक खाली घेतला. "बरं, असेल तुझा. पण एवढं मनाला काय लावून घ्यायचं? नाव नसलं तरी लोकांपर्यंत पोचतंय ना? नेटवर सगळं सगळ्यांचंच असतं."

याच माणसाच्या गाडीच्या जागेवर कुणी स्कूटर लावली तर हा वॉचमनला खाली-वर नाचवतो. तिथं नाही सगळं सगळ्यांचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैभवीनं मला हातानं थांबवलं. आवाज जराही न चढवता म्हणाली,

"सर, चुकलेलं मेंढरू आमच्या कळपात शिरलं, तर माजा बा त्याच्या कानाची खूण बगतो आणि कुणाचं हाय म्हणून गावोगाव इचारत फिरतो. मालक दिसंना म्हणून कापून खात न्हाई."