बाइंडरकाकांचे अकरा अर्ज

बाइंडरकाकांनी जन्मभर दुसऱ्यांचे कागद शिवले, पण स्वतःसाठी एक कागद मागायची वेळ आली तेव्हा नगरपालिकेने त्यांना तीन वर्षं ताटकळत ठेवलं. अकरा अर्ज झाले, दोन अपिलं झाली. चपला झिजल्या हे आपण उगीच म्हणायचं म्हणून म्हणतो. काकांचे खरोखर दोन जोड झिजले.

मागणी एवढीशी होती. गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या तुटक्या झाकणात पाय जाऊन काकू पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि सहा महिने अंथरुणावर काढून गेल्या. त्यावर नगरपालिकेचं पत्र आलं की झाकणाबाबत आधी कोणतीही तक्रार नव्हती, सदर महिला स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडली. काकांनी भरपाई मागितलीच नव्हती. त्यांना ते एक वाक्य खोडून हवं होतं. कारण पडण्याच्या आठ दिवस आधी काकूंनी स्वतः जाऊन तक्रार दिली होती. घरी येऊन तसं सांगितल्यावर काका म्हणाले होते, नसत्या उचापती कशाला करतेस. तेही वाक्य त्यांना खोडून हवं असणार, पण त्यासाठी कुठे खिडकी नव्हती.

तक्रारींच्या नोंदवहीतलं ते पान दाखवा, असा त्यांचा अर्ज. पहिलं उत्तर आलं, अर्ज ठरलेल्या नमुन्यात नाही. नमुन्यात दिला तर माहिती स्पष्ट मागितलेली नाही. स्पष्ट मागितली तर वही सापडत नाही. मूळ तक्रारअर्ज तर दोन वर्षं झाली म्हणून नियमाप्रमाणे नष्टच केले होते. ताकास तूर लागू द्यायची नाही, एवढा एकच नियम ते ऑफिस मनापासून पाळत होतं. वर झालं काय, की तिथल्या सगळ्या वह्यांच्या बांधणीचं काम वीस वर्षं काकांकडे होतं, ते तिसऱ्या अर्जानंतर बंद झालं. पाण्यात राहून माशाशी वैर नको, असं शेजारी सांगून दमले. मुलगी मात्र शाळेतून आली की रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत अर्ज लिहायला बसायची.

दुसऱ्या अपिलात नवीन साहेब आले आणि त्यांनी वही हजर करायला लावली. सापडत नसलेली वही अर्ध्या तासात आली.

कारकुनाने ती टेबलावर ठेवली आणि काकांनी दुरूनच ओळखली. पाठीला काळं कापड, कोपऱ्यांना तांबडं, शिवण घट्ट. त्यांच्याच हातची. वर्षअखेरीला सुट्या नोंदी एकत्र बांधायला त्यांच्याकडेच आल्या होत्या. त्यांनी पानं उलटली आणि काकूंचं नाव सापडलं. पुढे लिहिलं होतं, गटाराचे झाकण तुटलेबाबत. काकांनी त्या ओळीवर हात ठेवला. तीन वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

मग साहेबांनी तारीख विचारली.

तारखेचा रकाना अरुंद, म्हणून कारकून तारखा पानाच्या अगदी कडेला लिहीत असे. आणि काकांनी बांधणी करताना सगळी वही मशिनीत धरून कडा कापल्या होत्या. दुसरा कुणी असता तर कड थोडी वाकडी गेली असती, दोनचार तारखा तरी वाचल्या असत्या. काकांचा हात नको तितका सरळ. सगळ्या वहीत एक तारीख शिल्लक नव्हती.

कापताना बघितलं नाही का, असं साहेबांनी विचारलं. काकांनी बघितलं नव्हतं. बांधणाऱ्याने वाचायचं नाही, हे त्यांना उस्तादांनी शिकवलं होतं, आणि याच गुणावर ऑफिसने वीस वर्षं त्यांच्याकडे कागद विश्वासाने दिले होते.

साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, नोंद आहे हे मान्य, पण ती पडण्याआधीची की नंतरची? बाई पुढे सहा महिने होत्या, नंतर त्यांच्या नावाने कुणी तक्रार दिली नसेल हे कशावरून? वहीची ही दशा कशी झाली याचा खुलासा घ्या, असं सांगून त्यांनी पुढची फाइल उघडली.

कारकून काकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काका, उंदरांनी कुरतडली असं लिहितो. तुमच्यावर काही येणार नाही."

"उंदीर इतकं सरळ कापत नाहीत," काका म्हणाले. "लिही. तारखा होत्या. मी कापल्या."

त्यांनी खाली सही केली. अर्ज निकाली निघाला, पत्रातलं वाक्य होतं तिथेच राहिलं.

घरी मुलगी वाट बघत होती. काकांनी तिला सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ती म्हणाली, "आई तेव्हा आतल्याच खोलीत होती ना? तुम्ही बाहेर वह्या कापत होतात तेव्हा?"

"होती. मशीनचा आवाज ऐकून तिनं विचारलं होतं, नगरपालिकेच्या वह्या आल्यात का म्हणून."

"मग?"

"मला वाटलं, आपली कामाची चौकशी करतेय. मी म्हटलं, तुला काय करायचंय, तू पड निवांत."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं नाही. काका म्हणाले, "ती आणखी एकदा म्हणाली होती, जरा आत आणून दाखवा."