शिळं न देणाऱ्या काकू

“ताजं हाय, आधी खा. मग बोल.”

सेलूत आमच्या भिंतीला भिंत लागून काकू राहायच्या. दारात येईल त्याच्या हातावर काहीतरी गरम ठेवून त्या एवढंच म्हणायच्या. तुम्ही गेला असतात तर तुम्हीही सुटला नसतात. शिळं मात्र माणसाला द्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. सकाळची भाकरी संध्याकाळी गायीपुढं जायची.

अशा बाईचा मुलगा इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये, आणि सून तिथलीच. ती पहिल्यांदा सासरी यायची ठरली, तेव्हा मुलगा फोनवर म्हणाला, “तिची आई पार्किन नावाचा केक करायची. आई गेल्यापासून तिनं तो खाल्ला नाही.”

झालं! बिनआईच्या पोरीला तो केक आपल्या हातचा खाऊ घालायचा, हे काकूंनी मनावर घेतलं. ओटच्या जागी ज्वारीचं पीठ, तिकडच्या काळ्या पाकाच्या जागी काकवी. सुंठ घरचीच. गळ्यात लिंग धारण करणाऱ्या त्या लिंगायत घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून दही. कुकरात वाळू पसरून केक भाजायला ठेवला. मी पडले भोचक, तिथंच ठाण मांडून बसले.

निघाली वीट! तीही काकूंनी गरमागरम गल्लीभर वाटली.

“खरं सांग, कसा झालाय?”

“दात शाबूत आहेत अजून,” मी म्हटलं.

त्या हसल्या. मग हातातला तुकडा उलटापालटा करत म्हणाल्या, “तिनं एक घास खाऊन बशी बाजूला सारली तर गं?”

पुन्हा केला, पुन्हा तेच. शेवटी मीच मुलाला खोदून खोदून विचारलं. तो वैतागला. “अहो, आईला कधीच सांगितलंय! तो डब्यात बंद करून आठवडाभर ठेवायचा. मगच मऊ होतो.”

मी काकूंकडं बघितलं.

“सांगितलं हुतं त्यानं,” त्या म्हणाल्या. “पन सुनेला पयल्याच दिवशी शिळं वाढू का? काय म्हनंल ती?”

मी गुपचूप एक तुकडा घरी डब्यात घालून ठेवला. आठवड्यानं उघडला, तर लोण्यासारखा मऊ. धावत जाऊन काकूंना चाखवला.

“लय चांगला हाय,” त्या पुटपुटल्या. “पन शिळाच की.”

सून आली. काकूंनी सकाळीच केलेला केक पुढं ठेवला. तिनं एक घास खाल्ला, गोड हसली आणि बशी हळूच बाजूला ठेवली.

काकू उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या पदराखाली डबा घेऊन. मलासुद्धा पत्ता लागू न देता त्यांनी एक केक मुरवत ठेवला होता. मान खाली घालून म्हणाल्या, “रागावू नको बाई. शिळं हाय.”

सुनेनं घास तोंडात घातला आणि काकूंच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली. काकू घाबरल्या. तिच्या खांद्यावरून मला विचारतात कशा, “का रडायली गं? शिळं हाय म्हनून?”

त्यानंतर सून दर वर्षी यायची आणि डबा तयार असायचा.

यंदा ती यायच्या आधीच काकू गेल्या, तापाचं निमित्त होऊन. मला अजून खरं वाटत नाही. सून आली, सरळ फडताळाकडं गेली. डबा होता, काकूंनी जायच्या आधी भरून ठेवलेला. तिला मराठी येतं ते काकूंकडून ऐकलेलं, तेवढंच. तिनं पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

“ताजं हाय,” ती म्हणाली. “आधी खा.”

मी खाल्लं. बोलणं काही झालं नाही.