नानांचा हिरवा हौद

सुखदेव नाना बोलता बोलता मध्येच उठायचे. "थांब, बठ्ठासले ऊन भेटाले जोईजे," सगळ्यांना ऊन मिळायला हवं, असं त्यांच्या अहिराणीत म्हणायचे आणि खराट्याने हौद ढवळून यायचे. पारोळ्याजवळच्या आमच्या बौद्धवाड्यात, त्यांच्या घरामागे तो उथळ सिमेंटचा हौद होता. पाणी हिरवंगार. दिवसातून दहा वेळा तरी ढवळायचे.

धुळ्याच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुतल्या. तिथल्या एका सरांकडून स्पिरुलिना नावाचं हे शेवाळ वाढवायला शिकले आणि निवृत्त होताना बरणीत घालून गावी आणलं. धोतरात गाळायचं, सोऱ्यातून शेवेसारखं पाडून वाळवायचं, कुटायचं. चिमूटभर वरणात घातलं की लेकरांच्या अंगी लागतं, म्हणायचे. वास मात्र असा, की त्यांची बायको, अक्का, विचारायची, "मासा सडना, का तुम्ही आंग धोयं नही?"

गावातल्या बायाही पुड्या न्यायच्या, कारण नाना "दवाई शे" म्हणायचे. आमच्या घरचं पाणी न पिणाऱ्यांना औषध चालायचं. त्यातल्या तुळसाबाईची काडीसारखी लेक मंगल, पुडी सुरू झाल्यावर भिंत धरून उभी राहू लागली होती.

मी तेव्हा वीस वर्षांची. वडिलांची चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली.

"नाना, खोटं कशाला? अन्न आहे, तर अन्न म्हणा."

"म्हनसू बेटा. पन खावाले कोन येई?"

मी ऐकलं नाही. पत्रक छापलं : 'ही दवा नाही. हे आमच्या हातचं अन्न आहे. खाणार का?' बाजाराच्या दिवशी स्वतः वाटलं.

त्या आठवड्यापासून एकही बाई आली नाही. तुळसाबाईसुद्धा नाही.

नाना रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खराटा टेकून बसायचे, आणि पुन्हा उठायचे. महिन्याभराने कळलं, मंगल उभी राहीनाशी झाली.

"नाना, परत दवाई म्हणा."

"तू लिखेल ते खरं शे का नही?"

"खरं आहे."

"मंग आते मनाघाई खोटं बोलाय नही." त्यांनी डोळे मिटले. "तू जाय तुळसाबाईकडे. पुडी भरी ठेयेल शे."

तुळसाबाई दारातच उभी राहिली. कडेवर मंगल.

"काय शे?"

"दवाई," मी म्हणाले.

माझ्या बोटांना बोट लागू न देता तिने पुडी घेतली.

परतले तेव्हा नाना हौदाशीच होते.

"लिधी का तिनी पुडी?"

"लिधी," मी म्हणाले, आणि त्यांच्या हातातला खराटा घेतला.